सामाईक दर्शनी भिंत : एडिनबरोच्या नव-अभिजात गृहपंक्ती आणि मुंबईचे एल्फिन्स्टन सर्कल

प्रस्तावना

'टेरेस' हा शब्द मराठीत गच्ची या एकाच अर्थाने रूढ झाला आहे. विठ्ठलवाडी, कल्याण, डोंबिवली या परिसरातील जाहिरातींत 'टेरेस फ्लॅट' असे छापलेले असते तेव्हा सदनिकेला लागून मोकळी गच्ची आहे, एवढाच बोध वाचकाला होतो. वास्तुकलेच्या इतिहासात मात्र या शब्दाला दुसरा अर्थ आहे. सामाईक भिंतींनी एकमेकांना जोडलेली, निरनिराळ्या मालकांची, परंतु रस्त्यावरून पाहता एकच भव्य प्रासाद भासावा अशा रीतीने रचलेली घरांची सलग ओळ, हा तो अर्थ होय. प्रस्तुत लेखात अशा ओळीला 'गृहपंक्ती' म्हटले आहे.

या प्रकाराची उत्कृष्ट उदाहरणे स्कॉटलंडची राजधानी एडिनबरो येथील 'न्यू टाऊन' या वसाहतीत आहेत. आपल्याकडे त्यांच्या सर्वांत जवळची वास्तुरचना म्हणजे मुंबईच्या फोर्ट विभागातील पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कल, आजचे हॉर्निमन सर्कल. विठ्ठलवाडीहून सकाळची लोकल पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणारे आणि तेथून पायी बँकांच्या कचेऱ्या गाठणारे अनेक जण रोज या वर्तुळातील कमानींखालून जातात. तेथील इमारती 'ब्रिटिशकालीन' आहेत, यापलीकडे त्यांची ओळख सहसा सांगितली जात नाही.

या वास्तूंविषयीचे लेखन बहुधा शैलीभोवती फिरते. स्तंभ डोरिक की कोरिंथियन, कमान रोमन की गॉथिक, याची चर्चा होते. ती आवश्यक आहेच. परंतु गृहपंक्तीचे मर्म शैलीत नसून करारात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अनेक मालकांनी आपापल्या घराची दर्शनी बाजू सर्वांच्या मिळून असलेल्या एका आराखड्याच्या स्वाधीन करावयाची, आणि पुढील पिढ्यांनीही ते बंधन मानावयाचे, ही गृहपंक्तीची अट होय. हे बंधन कोणी घातले, कशाच्या बळावर टिकले आणि ते सैल झाल्यावर काय होते, हे प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

नकाशा आणि वचन

अठराव्या शतकाच्या मध्यास एडिनबरो हे किल्ल्याच्या उतरणीवर दाटीवाटीने वसलेले, उंच इमारतींचे आणि अरुंद बोळांचे शहर होते. त्याच्या उत्तरेस नवी वसाहत उभारण्यासाठी नगरपरिषदेने १७६६ साली आराखड्यांची स्पर्धा घेतली. तीत जेम्स क्रेग हा तरुण वास्तुविशारद विजयी ठरला. १७६७ साली मान्य झालेला त्याचा आराखडा अगदी साधा आहे : तीन समांतर मुख्य रस्ते, त्यांना छेदणारे आडवे रस्ते आणि दोन टोकांना दोन चौक. बाहेरच्या दोन्ही रस्त्यांना एकाच बाजूस घरे असावीत आणि दुसरी बाजू मोकळी राहावी, अशी त्यात योजना होती.

भूखंड 'फ्यू' या स्कॉटिश पद्धतीने दिले गेले. या पद्धतीत जमीन घेणारा घराचा कायमचा धनी होई. परंतु मूळ भूस्वामीला तो वार्षिक देणे देई आणि हस्तांतरपत्रातील अटी त्याच्यावर व त्याच्या वारसांवर बंधनकारक राहत. आपल्याकडील इनाम किंवा भाडेपट्टा यांच्याशी तिची पूर्ण तुलना होणार नाही. अट माणसाला नव्हे, जमिनीला चिकटते, हे मात्र लक्षात ठेवावयास हवे. स्कॉटलंडमधील गृहपंक्तींचे सौंदर्य बऱ्याच अंशी याच तरतुदीवर उभे आहे.

ही तरतूद किती महत्त्वाची होती, हे एका खटल्यातून कळते. प्रिन्सेस स्ट्रीटची दक्षिण बाजू नकाशात मोकळी दाखवलेली होती. नगरपरिषदेने तेथेही बांधकामास परवानगी देताच भूखंडधारकांनी न्यायालयात धाव घेतली. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम हा त्यांच्यापैकी एक होता. नव्या वसाहतीत त्याने नुकतेच घर केले होते. तक्रारदारांचे म्हणणे असे की, आम्हांला जो नकाशा दाखवून भूखंड दिले तो नकाशा म्हणजेच परिषदेचे वचन होय. प्रकरण १७७२ साली लॉर्ड्स सभागृहापर्यंत गेले व तेथे भूखंडधारकांच्या बाजूने कौल मिळाला. अखेर १७७६ साली लवादाने तडजोड घडवून आणली. उभी राहिलेली बांधकामे राहिली आणि उरलेला भाग मोकळा ठेवण्याचे ठरले. एडिनबरोच्या किल्ल्याचे प्रिन्सेस स्ट्रीटवरून आज जे अडथळ्याविना दर्शन घडते, त्याचे श्रेय वास्तुविशारदाइतकेच या फिर्यादींना द्यावयास हवे.

पुढे १८१८ साली लॉर्ड्स सभागृहाने दुसऱ्या एका खटल्यात वेगळी भूमिका घेतली : केवळ नकाशा दाखवल्याने बंधन निर्माण होत नाही, अट दस्तऐवजात लिहिलेली असली पाहिजे. या निर्णयानंतरच्या काळात एडिनबरोतील हस्तांतरपत्रे अधिक तपशीलवार होत गेलेली दिसतात. अर्ल ऑफ मोरे याने १८२२ पासून आपल्या जमिनीवर जेम्स गिलेस्पी ग्रॅहम याच्या आराखड्यानुसार जी वर्तुळाकार व अर्धवर्तुळाकार वसाहत बसवली, तिच्यात दर्शनी बाजूविषयी अत्यंत काटेकोर अटी घातलेल्या होत्या.

शार्लट चौकाची उत्तर बाजू

क्रेगच्या आराखड्याने रस्त्यांची रेषा ठरवून दिली होती, घरांचे रूप नव्हे. परिषदेने मजल्यांची संख्या व उंची यांवर मर्यादा घातल्या, तरी पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतील घरे एकमेकांशी फटकूनच राहिली. ही उणीव ध्यानात आल्यावर १७९१ साली पश्चिम टोकाच्या शार्लट चौकाचे दर्शनी आराखडे रॉबर्ट ॲडम याच्याकडून करून घेण्यात आले. ॲडम पुढच्याच वर्षी निवर्तला. घरे निरनिराळ्या बांधकाम व्यावसायिकांनी सवडीने उभी केली आणि चौक पुरा व्हायला १८२० साल उजाडले.

या चौकाची उत्तर बाजू नव-अभिजात गृहपंक्तीचा आदर्श मानली जाते. सामाईक भिंतींची अकरा घरे एका प्रासादाच्या रूपात बसवली आहेत. मध्यभागी कोरिंथियन स्तंभ व त्यांवर त्रिकोणी शिरोभाग, दोन्ही टोकांना किंचित पुढे आलेले भाग, आणि मधल्या घरांनी पत्करलेला साधेपणा, असा हा विन्यास आहे. तळमजल्याचे दगडकाम खोल खाचा पाडून जड दिसेल असे घडवलेले आहे. त्यावरचा मजला दिवाणखान्याचा असल्याने तेथील खिडक्या सर्वांत उंच आहेत. वर जावे तशी खिडक्यांची उंची कमी होत जाते. रस्ता आणि घर यांच्यामध्ये खंदकासारखा खोल पट्टा सोडलेला असतो. त्यातून तळघरातील स्वयंपाकघराला उजेड मिळतो, आणि त्यावरून दगडी पायऱ्या मुख्य दरवाजापर्यंत जातात. मालक पायऱ्यांनी वर जाई, नोकर खाली उतरे. समाजातील उतरंड दर्शनी भिंतीवर इतक्या उघडपणे मांडणारी वास्तुशैली विरळाच.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. मधल्या घराच्या मालकाला त्रिकोणी शिरोभाग मिळाला, शेजाऱ्याला मिळाला नाही. तरीही शेजाऱ्याने स्वतःसाठी तसा शिरोभाग उभारला असता तर दोघांचीही शोभा गेली असती. एकोणिसाव्या शतकात असे घडलेही. काही मालकांनी दिवाणखान्याच्या खिडक्या खालपर्यंत वाढवल्या, काहींनी छपरातून नव्या खिडक्या काढल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी चौथ्या मार्क्विस ऑफ ब्यूट याने या बाजूची काही घरे घेऊन त्यांना मूळ रूप दिले, आणि १९३० साली चौकासाठी स्वतंत्र नगररचना आदेश निघाला. आज सहाव्या क्रमांकाच्या घरात स्कॉटलंडच्या प्रथम मंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान आहे, तर सातव्या क्रमांकाचे घर १९७५ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.

टाऊन हॉल आणि मुंबईतील स्कॉटिश मंडळी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कारभारात व व्यापारात स्कॉटिश मंडळींचा मोठा भरणा होता. १८०४ साली मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन करणारा जेम्स मॅकिन्टॉश हा एडिनबरोत वैद्यक शिकलेला होता. १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे वडील एडिनबरोच्या किल्ल्याचे अधिकारी होते, आणि त्याचे काही शिक्षण त्याच शहरात झाले. त्याच्यानंतरचा गव्हर्नर जॉन माल्कम हाही स्कॉटिशच. यावरून मुंबईतील प्रत्येक स्तंभाचे मूळ एडिनबरोत शोधणे हा अतिरेक ठरेल. बाथ आणि लंडन या शहरांतही अशा रचना होत्या व त्याही सर्वांना माहीत होत्या. नव-अभिजात नगररचना या मंडळींनी केवळ पुस्तकात पाहिलेली नव्हती, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

त्या शैलीचा मुंबईतील सर्वोत्तम आविष्कार म्हणजे टाऊन हॉल. कर्नल टॉमस कूपर याच्या आराखड्यानुसार १८२१ मध्ये सुरू झालेले हे काम १८३३ मध्ये पूर्ण झाले. लॉटरीतून उभा केलेला पैसा पुरला नाही, तेव्हा उरलेला भार कंपनी सरकारने उचलला. रुंद पायऱ्यांची चढण, डोरिक स्तंभांची ओसरी आणि त्रिकोणी शिरोभाग ही सामग्री ग्रीक असली, तरी पावसाळ्यासाठी खिडक्यांवर पुढे काढलेली छपरे अस्सल मुंबईची आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापासून भारतरत्न पां. वा. काणे यांच्यापर्यंत अनेक विद्वानांचा या वास्तूतील एशियाटिक सोसायटीशी निकटचा संबंध होता. त्यामुळे मराठी अभ्यासकाला ही इमारत परकी वाटत नाही.

ग्रीनपासून सर्कलपर्यंत

टाऊन हॉलसमोर 'बॉम्बे ग्रीन' हे मोकळे मैदान होते. त्याच्या पश्चिमेस १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट टॉमस चर्च आहे. या मैदानात निर्यातीच्या कापसाचे ढीग पडत. १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्याला हलला, आणि पुढे मैदानाला उकिरड्याची कळा आली. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली १८५० च्या दशकात भागभांडवलाचे दलाल जमू लागले. त्यांच्यातूनच १८७५ साली दलालांची संघटना व कालांतराने मुंबईचा शेअर बाजार उभा राहिला.

मैदानाभोवती इमारतींचे वर्तुळ उभारण्याची कल्पना चार्ल्स फोर्जेट याची. तो पोलिसांचा प्रमुख होता, आणि १८५७ मधील मुंबईच्या बंदोबस्ताविषयी प्रसिद्ध होता. त्या काळी नगरप्रशासन तीन आयुक्तांच्या हाती असे. त्यांपैकीही तो एक होता. ताडदेवच्या फोर्जेट स्ट्रीटमुळे त्याचे नाव अजून टिकून आहे. शहरातील सर्वांत सुडौल वास्तुसमूहाची कल्पना एका पोलीस अधिकाऱ्याने मांडावी, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. परंतु मोकळी, सरळ दृष्टीस पडणारी, शिस्तीत बांधलेली जागा पोलिसी मनाला भावावी, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

१८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचा या कल्पनेला पाठिंबा होता. सर्कलला नाव पडले ते याचेच, त्याचा चुलता माउंटस्टुअर्ट याचे नव्हे. मराठी लेखनात या दोघांची गल्लत वारंवार होते. २०१८ साली प्रभादेवी हे नाव मिळालेले एल्फिन्स्टन रोड स्थानकही याच पुतण्याच्या नावाचे होते. योजना प्रत्यक्षात आली ती १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत. किल्ल्याचा तट पाडण्याचे काम त्याच सुमारास हाती घेतले गेले.

हा काळ नीट ध्यानात घेतला पाहिजे. १८५४ च्या मे महिन्यात रेल्वे कल्याणला पोहोचली. आज विठ्ठलवाडीवरून जाणारा लोहमार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत गेला. १८६३ साली भोर घाटाचा मार्ग खुला झाला आणि १८६५ साली थळ घाटाचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत खेळत असतानाच नगरप्रशासनाने ग्रीनची जमीन सरकारकडून घेतली, तिचे भूखंड पाडले आणि मोठ्या नफ्याने व्यापारी पेढ्यांना विकले. दर्शनी आराखडे नगरपालिकेच्या सेवेतील अभियंता जेम्स स्कॉट याचे होते. १८६५ साली युद्ध थांबले, सट्टा कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. वर्तुळ मात्र उभे राहिले. मधल्या बागेचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७२ मध्ये संपले.

वर्तुळाची रचना

सर्कलच्या पूर्वेस टाऊन हॉल आहे. त्याच्या समोर, बागेपलीकडे, इमारतींचे दोन वक्र बाहू आहेत. त्यांच्यामधून पूर्वीचा चर्चगेट स्ट्रीट, आजचा वीर नरिमन मार्ग, सेंट टॉमस चर्चवरून फ्लोरा फाउंटनकडे जातो. म्हणजे टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहिले की बाग, दोन बाहूंमधील फट आणि पश्चिमेकडे जाणारा रस्ता एका अक्षावर येतात. तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीला मागाहून अंगण मिळाले, असे म्हणता येईल.

वर्तुळाच्या आतल्या बाजूस तोंड असलेल्या भूखंडाची एक अडचण असते. सामाईक भिंती त्रिज्येच्या दिशेने जात असल्यामुळे भूखंड समोर अरुंद आणि मागे रुंद होतो. एकही मुख्य खोली काटकोनी राहत नाही. हे तिरकस कोपरे मालकाने सोसावयाचे आणि वक्र दर्शनी रेषेचे सुख वाटसरूने घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे.

एडिनबरोची गृहपंक्ती राहण्यासाठी होती, मुंबईची व्यापारासाठी. त्यामुळे खोल पट्टा, तळघरातील स्वयंपाकघर आणि पायऱ्या येथे नाहीत. त्यांच्या जागी तळमजल्यावर सलग कमानींचा आच्छादित मार्ग आला. स्कॉटलंडमध्ये दर्शनी भिंत रस्त्याला दूर ठेवते. मुंबईत ती रस्त्याला आत घेते. जूनच्या पावसात आणि मेच्या उन्हात त्याचे मोल कळते. येथील शैली निखळ अभिजात नाही. इटालियन वळणाच्या कमानी, इंग्लंडहून आणलेले लोखंडी काम आणि एल्फिन्स्टन बिल्डिंगसारख्या इमारतीतील गॉथिक छटा यांचे मिश्रण येथे दिसते. तरीही वर्तुळ विस्कळीत वाटत नाही, कारण कमानींची लय आणि वक्ररेषा यांनी मिश्रण सांभाळून घेतले आहे. शैली बदलली तरी गृहपंक्ती टिकू शकते, करार मोडला की टिकत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

कमानींचा हा धडा शहराने पुढे गिरवला. १८९६ मधील नियमानुसार हॉर्नबी रोडवरील, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावरील, इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी आच्छादित मार्ग ठेवणे बंधनकारक झाले. तेथे शैलीचे स्वातंत्र्य होते, कमानींतून सुटका नव्हती.

वाड्याशी तुलना

कल्याणच्या पारनाक्याकडील किंवा पुण्याच्या पेठांतील जुने वाडेही सामाईक भिंतींनी जोडलेले असत. परंतु वाड्याची शोभा आत, चौकात. बाहेर दिंडी दरवाजा आणि वर एखादा सज्जा, बाकी भिंत मुकी. शेजाऱ्याशी करार होई तो भिंतीचा, पन्हळीचा, सांडपाण्याचा, रूपाचा नव्हे. त्यामुळे एक वाडा पडला तर शेजारच्या वाड्याचे सौंदर्य उणे होत नसे. गृहपंक्तीतील एक घर पडले तर उरलेल्या दहांचा प्रासाद मोडतो. वाडे एकेक करून पाडले गेले आणि फारशी ओरड झाली नाही, याचे एक कारण या रचनेत शोधता येईल.

करार कोणी पाळावयाचा

स्कॉटलंडमधील फ्यू पद्धती २००४ च्या नोव्हेंबरमध्ये कायद्याने संपुष्टात आली. पण तोवर तिची जागा घेणाऱ्या व्यवस्था उभ्या राहिल्या होत्या. १९७० साली एडिनबरोत भरलेल्या परिषदेनंतर दुरुस्तीसाठी अनुदान देणारी समिती स्थापन झाली. १९९५ साली जुने व नवे एडिनबरो जागतिक वारसा यादीत आले. एका इमारतीतील अनेक मालकांनी सामाईक दुरुस्तीचा निर्णय बहुमताने घ्यावा आणि खर्च वाटून घ्यावा, अशी तरतूद २००४ च्याच दुसऱ्या कायद्याने केली. जुना भूस्वामी गेला, त्याचे काम शेजाऱ्यांच्या बहुमताकडे आले.

मुंबईत हा दुवा कच्चा राहिला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. बेघर भाडेकरूच्या दृष्टीने तो कायदा आवश्यक होता, हे नाकारता येणार नाही. परंतु फोर्टमधील मोठ्या पेढ्यांनाही त्याचा लाभ मिळाला आणि दगडाच्या डागडुजीला मालकाकडे पैसा व उत्साह दोन्ही उरले नाहीत. बँका आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळणारा कायदा १९९९ साली आला. त्याआधी १९९५ मध्ये मुंबईची वारसा नियमावली लागू झाली होती. तिच्यामुळे पाडापाडीला आळा बसला. तथापि नियमावली 'हे करू नका' असे सांगते; अकरा मालकांनी मिळून एक रंग, एक दिवा, एक फलकाची पट्टी ठरवावी, हे ती घडवू शकत नाही. दादाभाई नौरोजी मार्गावर दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत बसवून दर्शनी भाग मोकळा करण्याचा प्रयत्न झाला आणि २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. त्याचे यश नियमापेक्षा दुकानदारांच्या संमतीत होते.

२०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ओव्हल मैदानाभोवतीच्या त्या समूहात टाऊन हॉल आणि हे वर्तुळ येत नाही. नव-अभिजात मुंबई जणू दोन शैलींच्या वाटणीत मागे राहिली. याची खंत वाटते, कारण गॉथिक इमारती एकेकट्याही देखण्या आहेत, वर्तुळाला ती सोय नाही.

स्वातंत्र्यानंतर सर्कलला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. पंजाबातील दडपशाहीवर लिहिल्यामुळे ब्रिटिश सरकारने त्यांना १९१९ साली हद्दपार केले होते. मधली बाग सुमारे अडीच एकरांची आहे. एडिनबरोच्या मोरे वसाहतीतील बागांना आजही कुलूप असते आणि किल्ली फक्त रहिवाशांकडे. येथे दुपारच्या सुट्टीत कारकून, शिपाई आणि वाटसरू झाडाखाली डबा उघडून बसतात. मूळ आराखड्यातील कारंजे मात्र आता तेथे नाही.